दस्त्यावरचा डाग

मंगळवार, जाफराबाद. दिवेलागण.

आज अण्णांची ठासणीची बंदूक माळ्यावरून काढली. नळीवर गंज, लाकडी दस्त्यावर पांढरी बुरशी. दसऱ्याच्या पूजेत अशी कशी ठेवायची? बुरशी कोरड्या फडक्यानं निघाली, पण दस्त्यावर एक काळपट डाग राहिला. तो पॉलिश पेपरनं घासत बसले.

तेवढ्यात युसूफचाचा आले. जुन्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नळी रिकामी आहे ना, हे आधी पाहिलं, मग माझ्या हातातला पेपरच काढून घेतला.

"नळीला तेल लावून ठेव, उद्या मऊ फडक्यानं पूस. गंजाला जल्दी चालत न्हाई, बेटा. अन् हे लाकूड काहून घासून राह्यली?"

"डाग आहे ना, चाचा."

"डाग? तुझ्या बापाचा गाल हाय तो! ज्वारी राखायला बसायचा अन् इथंच टेकून झोपायचा. डुकरं पोटभर खाऊन जायची. डोक्याचं तेल मुरलंय बघ."

मी हसले, आणि मग हसू थांबलं. अर्धा डाग मी घालवला होता.

उरलेल्याला हात लावला नाही. पण मन लागत नाही. लहानपणी अण्णांच्या डोक्याला ते तेल मीच चोळायचे. आणि मलाच कसं ओळखू आलं नाही?