रॉकेटचे कान

भवानी पेठ, सोलापूर
१२ मे

अण्णा,

तर रॉकेट हट्टी वगैरे नव्हताच. मागच्या फोनवर मी तुला किती लेक्चर दिलं. जॅक रसेल टेरियर असलेच असतात, उंदरांमागं बिळात घुसायची जात, स्वतःच्या डोक्यानं चालतात, पेशन्स पाहिजे. सगळं व्हिडिओत बघून. तू पुण्याहून आणून दिल्यापासून मी बिस्किट धरून ‘सिट, रॉकेट, सिट’ करतेय, आणि हा पठ्ठ्या भिंतीकडं बघत उभा.

तू कसा आहेस? घरी काही बनवतोस, का बाहेरचंच?

काल जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागं स्टीलचं ताट वाजवलं. मी दचकले, रॉकेट नाही. पांढऱ्या टेरियरमध्ये असतं म्हणे, जन्मापासून. दोन्ही कान. औषध नाही.

बाबांचं मात्र ऐकतो. कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात कोण बोलणार, सगळं हातानंच की. बाबांनी पंजा आडवा केला, म्हणजे ‘माग थांबव’, की हा बसतो. बोटं आत ओढली की पळत येतो. आपल्याकडं सुताच्या कांड्या भरणारी नागम्मा म्हणाली, “अपू, तुझ्या इंग्लिशपेक्षा आमचा कारखाना बरा की गं.” मी पण लई हसले.

फोन न करता पत्र का, विचारशील. फोनवर तू लगेच ‘बाबांना दे’ म्हणाला असतास आणि ते नुसतं “व्हय, व्हय, बरंय” म्हणाले असते. हल्ली तेवढंच म्हणतात. तुझ्या लक्षात आलंय का?

परवा बाबा आणि रॉकेट गल्लीतनं चालले होते, पट्टा न लावता. मागून टेम्पो आला, हॉर्न वाजवत. मी दारातून जीव तोडून ओरडले. आधी “रॉकेट”, मग “बाबा”. दोघांपैकी एकानंही मागं बघितलं नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून वाचले. त्यानं शिव्या घातल्या, तर बाबा त्याला हात करून हसले.

म्हणून काल रॉकेटला दाखवलं. त्याला नेणं सोपं होतं. बाबांसमोर कानाच्या डॉक्टरांचं नाव मोठ्यानं काढलं, तर म्हणाले, “मागावरच्या सगळ्यांचं असंच असतंय. त्यात काय दाखवायचं?”

रॉकेटला आता पट्ट्याशिवाय सोडत नाही मी. बाबांचं काय करू? तुला काय वाटतं, अण्णा?

तुझी,
अपेक्षा