गुरुवारचं गाणं

पिंपळे गुरव,
८ फेब्रुवारी १९७४

ती. कस्तुराताईस,
भीमाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून माझा कान धर, पण आधी बातमी ऐक. आम्ही बँड काढला आहे! लग्नातला नव्हे, इलेक्ट्रिक गिटारवाला. पुण्यात कॉलेजची पोरं रॉक वाजवतात ते माझ्या दोस्ताने, रियाज मेकॅनिकने ऐकलं आणि म्हणाला, भीमभाऊ, तुमच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबताना दिवसभर याहून जबरदस्त ठेका चालू असतो. खरंच आहे. धडाम, धडाम, ठक. तोच ठेका आमच्या शॉपमधल्या ज्ञानदेवाने ड्रमवर बसवला. गिटार माझ्याकडे.

सराव गुरुवारी. त्या दिवशी कारखाने बंद, म्हणून आम्ही मोकळे. पण इकडची लाइटही त्याच दिवशी बंद. मग रियाजच्या थेरगावच्या गॅरेजात ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडतो आणि त्यावर गिटार दणाणते. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दूध चोरायला लागल्या, अशी तक्रार आली आहे.

चाल आहे, शब्द नाहीत. मी लिहिलेले आईला वाचून दाखवले, तर म्हणाली, ह्याच्यापरीस भोंगा बरा. लग्नाआधी तू जयंतीला गाणी रचायचीस. दादांवर काहीतरी लिहून पाठव ना. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण घरात कुणी त्यांच्याबद्दल बोलत नाही.

भाऊजींना जय भीम सांग. लोभ आहेच, शब्द आले की दुप्पट होईल.

तुझा,
भीमा

बार्शी,
२१ फेब्रुवारी १९७४

चि. भीमास,
अनेक आशीर्वाद.

म्हशींची दया आली म्हणून लगेच लिहिते आहे. भाकरी थापताना सुचलं, कागदाला पीठ लागलंय ते झटकून घे.

भोंगा झाला, ऊठ गं माये, भाकर बांध उन्हाची
कुणाच्या घड्याळात गेली सकाळ माझ्या बापाची

पुढची तीन कडवी मागच्या बाजूला आहेत. दादा बासष्ट साली कारखान्यात लागले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पहिल्या पाळीला निघताना ते चपला हातात घेऊन बाहेर पडायचे, आपली झोप मोडू नये म्हणून. मी जागीच असायची. तेच सांगायचं होतं, जमलंय की नाही ते तू बघ.

आता एक मागणं. या गाण्याची कधी तबकडी निघाली, तर ते मला म्हणू दे. एकदाच. इथे मी सून आहे, मास्तरांची बायको आहे. मी गाते हे इथल्या कुणाला ठाऊकही नाही. यांना सांगितलं तर हसले, पण नको म्हणाले नाहीत.

आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

पिंपळे गुरव,
३ मे १९७४

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

लागली लॉटरी! तुझे शब्द वाजवले आणि गॅरेजबाहेर माणसं थांबायला लागली. त्यातल्या एकाने मुंबईच्या एका रेकॉर्डवाल्या साहेबांच्या कानावर घातलं. ते १६ मेला, गुरुवारी, आपलं मशीन घेऊन थेरगावला येणार आहेत. गुरुवार मीच सुचवला. प्रेस बंद, रस्ता शांत, सगळे हजर.

तू बुधवारीच ये. गाणं तूच म्हणायचं, शब्द दिला. आईने आत्ताच शेजारणींना सांगून टाकलंय.

भाऊजींनी नाही म्हटलं तर मी स्वतः येऊन पाया पडेन. बाकी भेटीत.

तुझा,
भीमा

पिंपळे गुरव,
२४ मे १९७४

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आमची फजिती तू डोळ्यांनी पाहिलीस. चार महिने बॅटऱ्यांवर वाजवून आम्ही पार विसरलो होतो, की साहेबांच्या मोठ्या मशीनला भिंतीतली लाइट लागते! गुरुवार ठरवणारा शहाणा मीच. साहेबांनी सेलवरच्या छोट्या टेपवर नमुन्याला तुझं गाणं घेतलं आणि सगळं रद्द केलं. तू एवढ्या लांबून येऊन तशीच परत गेलीस. तुला गाडीत बसवूनही देता आलं नाही, सेकंड शिफ्ट होती म्हणून स्टँडवरूनच पळालो.

तर गंमत अशी, की तू गेल्यावर साहेबांचं मन बदललं. शुक्रवारी लाइट आली, सगळ्यांनी खाडा केला आणि गाणं रेकॉर्ड झालं. तू नव्हतीस, मग मीच म्हटलं. काय करणार? तार करणार होतो, पण लगेच पुन्हा बोलावलं तर भाऊजी रागावतील असं वाटलं.

रागावू नकोस. लोभात कसर करू नकोस.

तुझा,
भीमा

बार्शी,
२ नोव्हेंबर १९७४

चि. भीमास,
अनेक आशीर्वाद.

तबकडी पोचली. यांनी ती शाळेच्या ग्रामोफोनवर वाजवली. पोरांनी बाकांवर ठेका धरला, हेडमास्तर घाबरून धावत आले. गिटार छान वाजली आहे. तुझा आवाजही खणखणीत आहे.

कागदी चकतीवर गीत, संगीत, गायन सगळीकडे तुझंच नाव वाचलं. जागा कमी असेल. एकच सांगते, 'बापाची' म्हणताना तू फार ओरडतोस. दादा कधी ओरडले नाहीत.

मला दिवस गेले आहेत, आईला सांग. तिला इकडे धाडलंस तर बरं होईल.

तुझी,
ताई

पिंपळे गुरव,
१३ डिसेंबर १९८१

ती. ताईस,
जय भीम.

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. रियाज गॅरेज हलवतोय. माळ्यावर त्याला साहेब मागे ठेवून गेलेली ती छोटी टेप सापडली. आम्ही दोघांनी ती ऐकली. तुझं गाणं घेताना सेल उतरलेले होते, टेप हळू फिरली होती. त्यामुळे आता वाजवताना आवाज बारीक येतो, घाईघाईचा. दादा जाताना जागी असलेली अकरा वर्षांची ताईच जणू गातेय. रियाज डोळे पुसत बाहेर गेला. मला रडूही आलं नाही, इतकी लाज वाटली.

ताई, साहेबांनी काहीही रद्द केलं नव्हतं. तुझं गाणं ऐकून ते मला बाजूला घेऊन म्हणाले होते, उद्या लाइट येईल, ही बाई एक दिवस थांबली तर गाणं तरेल. मी सांगितलं, तिच्या सासरची माणसं कडक आहेत, ती थांबणार नाही. आणि तुझ्याकडे येऊन म्हणालो, साहेब चिडले, रद्द झालं. मला स्वतःला गायचं होतं. दुसरं काही कारण नाही. शोधून पाहिलं, सापडत नाही.

रियाजला हे ठाऊक होतं. तेव्हापासून माझ्या गाण्याला त्याने कधी वा म्हटलं नाही. दोन वर्षांत बँड मोडला. न खपलेल्या तबकड्या आईच्या खाटेखाली आहेत. ती झाडताना पुसून ठेवते, ते मला बघवत नाही.

टेप पार्सलने पाठवू का? लोभ मागायला तोंड नाही.

भीमा

बार्शी,
४ जानेवारी १९८२

चि. भीमास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल करू नकोस. टेप घेऊन तूच ये. लेकीला सातवं वर्ष लागलं, तिला आईचा आवाज फक्त ओरडण्यातला माहीत आहे.

राग आला होता. अजून आहे. त्या गाण्यानंतर मला पुन्हा काही सुचलं नाही, हेही लिहून टाकते. ते तुझ्यामुळे की संसारामुळे, हे मला ठरवता येत नाही, म्हणून सगळं तुझ्या माथी मारत नाही.

यांनी मला रविवारपर्यंत राहा असं सांगूनच पाठवलं होतं. तू विचारलंच नाहीस. शिवाजीनगर स्टँडवर मी बार्शीच्या दोन गाड्या सोडल्या. वाटलं, तू फिरून येशील आणि थांब म्हणशील. तिसऱ्या गाडीत चढले.

तू आज सांगितलंस, पण मला ते त्याच दिवशी कळलं होतं. लोभ तेव्हाही आटला नव्हता, आता काय आटणार? पण दादांच्या घरात वाढलेली मी. मला तू काय सांगून पळालास?

गुरुवारी कुठली रे सेकंड शिफ्ट, भीमा?

तुझी,
ताई