टपाल शिपायास दोन्ही पायांवर उभे राहू देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
दाखले व परवाने कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दोन्ही पायांवर उभे राहण्याची परवानगी देऊन मूळ कामावर परत घेणेबाबत.
संदर्भ : रांगेतील शिस्तीबाबतचे आपले परिपत्रक.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार या कार्यालयात टपाल शिपाई आहे. तळमजल्यावर आलेले टपाल जिना चढून आपल्या टेबलावर ठेवणे हे त्याचे काम, आणि खोटे कशाला सांगा, ते त्याला आवडतेही. या जिन्याची सर्वांत खालची पायरी हलते. तिच्यावर अर्जदाराचा उजवा घोटा मुरगळला.

२. सूज उतरल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिले : पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करणे, टाचा उचलणे आणि दुखऱ्या पायावर तोल सांभाळून उभे राहणे. त्यासाठी वेगळा वेळ काढू नका, कुठे रांगेत असाल तिथेच करा, असे बाई म्हणाल्या. अर्जदार सांगकाम्या. रजेवर असताना मेव्हण्याच्या दाखल्यासाठी तो आपल्याच कार्यालयाच्या तळमजल्यावरच्या खिडकीसमोर पहिला नंबर धरून उभा राहिला आणि त्याने डावा पाय उचलला. मागच्या गृहस्थांना हा नवा नियम वाटला. त्यांनी उचलला, त्यांच्या मागच्यांनी उचलला. खिडकी उघडल्यावर कारकून भाऊसाहेबांना सगळी रांग एका पायावर दिसली. वरून काही आदेश आला असेल आणि आपल्याच वाचनातून सुटला असेल, या भीतीने त्यांनी कोणाला काही विचारले नाही. दोन पायांवर उभ्या असलेल्या एका आजींना मात्र परत पाठवले.

३. परिणाम उत्तम झाला, हे अर्जदार नाकारत नाही. एकाला धक्का दिला की सगळेच पडतात, म्हणून धक्काबुक्की बंद झाली. तोल सांभाळण्यातच दम जात असल्याने हुज्जतही थांबली. पाहणीस आलेल्या वरिष्ठांनी पाठ थोपटली, आपण परिपत्रक काढले आणि जाणकार म्हणून अर्जदारास रांगेच्या तोंडाशी नमुना म्हणून नेमले. पाय खाली टेकण्याची मुभा फक्त जेवणाच्या सुट्टीत.

४. घोटा केव्हाच बरा झाला आहे. उजवी पोटरी पैलवानाची, डावी शाळकरी मुलाची, अशी अवस्था आहे. घरी भांडी घासतानाही डावा पाय आपोआप वर जातो. "ऑफिस ऑफिसात ठेवून येत जा," असे पत्नीने बजावले आहे.

५. अर्जदाराने गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन पाहिले. रांगेने लंगडत तोंड फिरवले आणि खिडकी शेपटाकडे राहिली. भाऊसाहेबांचा दिवस लोकांच्या पाठी बघण्यात गेला.

६. अर्जदार बरा झाल्याचे सांगायला फिजिओथेरपीच्या बाई स्वतः आल्या. दोन पायांवर होत्या, म्हणून त्यांचे कोणी ऐकले नाही. तेव्हा आपणांस भेटण्यासाठी त्या तरातरा जिन्याकडे निघाल्या आणि त्याच पायरीवर त्यांचा घोटा गेला. हल्ली त्या रांगेत अर्जदाराच्या मागे व्यायाम करतात. "काका, हे बरं कधी होणार हो?" असे त्यांनी काल विचारले. "रोज थोडं थोडं, बाई. घाई करायची नाही," असे त्यांचेच वाक्य अर्जदाराने त्यांना ऐकवले.

७. रांग खुशाल एका पायावर राहो, अर्जदाराची हरकत नाही. त्याला फक्त त्याचा जिना परत मिळावा. यात एकच अडचण आहे. टपाल वर आणणारा माणूस अर्जदारच असल्याने, तो रांगेत उभा राहिल्यापासून सर्व टपाल तळमजल्यावरच्या ट्रेमध्ये पडून आहे. पायरी दुरुस्त करण्याबद्दलचा त्याचा अर्ज त्यात तळाशी आहे. हा अर्ज सर्वांत वर ठेवला आहे. तरी आपण स्वतः खाली येऊन तो घेऊन जावा, ही विनंती.

उतरताना शेवटची पायरी जपून. आपण घसरलात तर बाईंच्या मागे जागा धरून ठेवतो.

आपला नम्र,
(तूर्त उजव्या पायावर)
टपाल शिपाई

दिनांक : अर्ज आपल्या हाती पडेल तो.

सोबत :
१. चपलांचा जोड (उजवी झिजलेली, डावी कोरी).
२. घोटा बरा झाल्याचे प्रमाणपत्र. बाईंचा घोटा बरा झाल्यावर सादर करण्यात येईल.