मसुदा अस्सल होता

३ नोव्हेंबर, सोमवार
संताप! महाराष्ट्र मंडळाने ‘ई-मेलवरची फसवणूक’ या विषयावर सोळा तारखेला व्याख्यान ठेवलंय आणि वक्त्या म्हणून मंजूषाबाई! का, तर त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. आणि मी कारखान्याच्या पत्रव्यवहार विभागात उभा जन्म काढला तो काय झक मारायला? सेक्रेटरी विश्वासरावांना फोनवरच फैलावर घेतलं. व्याख्यान आता माझं.

५ नोव्हेंबर
मुख्य मुद्दा ठरला. चोराला ड्राफ्टिंग येत नाही. संदर्भ क्रमांक नाही, ‘महोदय’ नाही, खाली प्रतिलिपी, म्हणजे कुणाकुणाला प्रत दिली ते नाही, तो मेल बोगस. एवढं साधं कळत नाही, म्हणून आमच्या अवधपुरी वसाहतीतले शिकलेसवरलेले बुडतात.

६ नोव्हेंबर
बँकेचा मेल. ‘हाय सुरेश!’ बँक मला अरेतुरे करणार? फ्रॉड. डिलीट. दुपारी बँकेतून फोन, मेल आमचाच होता म्हणे. मग आधी लिहायला शिका, म्हटलं.
सोनालीने बंगळुरूहून व्याख्यानासाठी स्लाइड्स पाठवल्या. विषयाची ओळ कोरी. पोटची पोर असली म्हणून काय झालं? डिलीट.

९ नोव्हेंबर, सकाळी
आज पत्र म्हणावं असं पत्र आलं. ‘महोदय, उपरोक्त विषयांतर्गत लेख है कि आपका मेलबॉक्स पूर्ण भर चुका है। पासवर्ड सहित सत्यापन न होने पर एकपक्षीय कार्यवाही की जाएगी।’ खाली तिघांना प्रतिलिपी, सूचनार्थ! भरून आलं. लगेच पासवर्ड कळवून पूर्तता केली. आदर्श नमुना म्हणून विश्वासरावांना व्हॉट्सअॅपवर फोटोही पाठवला.
इंदुमती म्हणाली, अहो, घर आपलं, मग किल्ली ते का मागतायत? बायकोला कार्यालयीन भाषा कळत नाही. तसं बोललो. जेवण एकट्याने.

११ नोव्हेंबर
मेल उघडत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणे. माझा पासवर्ड, आणि मला चुकीचा! नेटवाल्याला झापलं.
संध्याकाळी इंदुमतीने तिच्या मोबाइलवर माझाच मेल वाचून दाखवला. मी इंदूरला इस्पितळात आहे, अत्यवस्थ, ताबडतोब गिफ्ट कार्ड पाठवा. मंडळात सगळ्यांना गेलाय. हरामखोर! ना विषय, ना संदर्भ. माझ्या नावावर असला भिकार मसुदा!

१२ नोव्हेंबर
इंदुमतीने विश्वासरावांना सगळं सांगितलं. घरभेदी! व्याख्यान पुन्हा मंजूषाबाईंकडे.

१६ नोव्हेंबर, रविवार
बाईंनी पडद्यावर माझं ते आदर्श पत्र दाखवलं. नाव झाकलं होतं, तरी सगळे माझ्याकडेच बघत होते. शेवटी उठलो. ठणकावून विचारलं, माझ्या नावाने मेल आला, कुणी एक तरी फसलं का? वर्षभर रोज सकाळी तुम्हाला धोक्याच्या सूचना पाठवल्या, त्याचं हे फळ!
मग विश्वासराव चाचरत म्हणाले की त्या सूचनांमुळेच माझे मेल कुणी उघडत नाही. बहुतेकांनी मला कधीच स्पॅममध्ये टाकलंय.
म्हणजे मी मरायला टेकलोय, हे अख्ख्या मंडळात एकट्या इंदुमतीने वाचलं. तीही फसली नाही, कारण मी समोरच भजी खात बसलो होतो.