झुलू आडनाव आणि रस्त्यातली गाय

मंगळवार संध्याकाळ, हुडकेश्वर

जमलं! अजून विश्वास बसत नाही. थांडेका आफ्रिकेहून आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात ट्रेनिंगला आली, तेव्हापासून तिचं झुलू भाषेतलं आडनाव माझ्या जिभेवर बसत नव्हतं. बाकी सगळे तिला नुसतं 'मॅडम' म्हणून मोकळे. आडनावातला पहिलाच आवाज जीभ गालापाशी ओढून काढायचा. आणि मी वेडी तो बाराखडीत शोधत होते! रोज आरशासमोर तोंड वाकडं करताना पाहून आमचे हे म्हणाले, "काहून जीव काढून राहिली वं? बाहेरच्याले नाही जमत ते."

आज घरी येताना गाय रस्त्यात आडवी बसलेली. हॉर्नला ढिम्म हलेना. मग माहेरी बैल हाकताना काढायचो तो आवाज आपोआप तोंडातून निघाला. गाय उठली, आणि मी स्कूटीवर थक्क. गालातला तोच आवाज! लहानपणापासून तोंडातच होता की माझ्या!

तिथूनच थांडेकाला फोन लावला, पूर्ण नाव घेतलं. ती म्हणाली, "इथं आल्यापासून आज पहिल्यांदा कोणी मला हाक मारली."

कुठं शिकलीस, विचारत होती. "क्लास लावला," म्हटलं. गाईचं नाव कसं घेऊ?