पोहत आलेले, पडत आलेले

मॅडम, नऊ दिवसांपूर्वी, मंगळवारी, आपल्या लॅबच्या मीटिंगमध्ये तुमची पद्धत चुकीची होती असं ठरलं. ती पद्धत तुमची नव्हतीच, हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस खाली मान घालून चहा प्यायला आणि आपल्या टेबलापाशी जाऊन बसला. तो मी. तुम्हांला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हांला काही लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण सगळं चांगलं चाललं होतं, निदान माझा तसा समज होता.

मी आलो तेव्हा बाटल्या धुवायला आलो होतो. वडिलांची गिरणी बंद, दहावीनंतर शाळा सुटलेली, कांदिवलीहून अंधेरीला यायचो. चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत की सांगितलं दोनदा, तर बाटली तीनदा का विसळतोस. मी म्हटलं, दोनदा विसळून वास राहतो. तुम्ही बाटली नाकाशी नेलीत आणि पुढच्या आठवड्यात मला मायक्रोस्कोपपाशी बसवलंत. बाकीचं माझं मी शिकलो. डिक्शनरी मांडीवर घेऊन मशीनची मॅन्युअलं वाचली, तीनशेवर जीवांची लॅटिन नावं पाठ केली, वजनकाटा उघडून दुरुस्त केला. आज पीएचडीवाली मुलं नमुना घेऊन आधी माझ्याकडे येतात, मग गाईडकडे. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. या पत्रात तरी कशाला लपवू?

तुमचं घाटकोपरचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुमचा पाय प्लास्टरमध्ये आहे, मी सह्यांसाठी फायली घेऊन आलोय, तुम्ही स्टुलावर बसून मला पिठलं ढवळायला लावलंय, आणि माझ्या हातून गुठळ्या झाल्यात. मी चमच्यानं त्या मोडायला लागतो तर तुम्ही म्हणता, थांब. बरणीत पाणी घ्यायला लावता. चिमूटभर कोरडं बेसन वर भुरभुरवता, ते तिथंच तरंगत राहतं. मग पिठल्यातली एक गुठळी टाकता, ती सरळ तळाला जाते. समुद्राचं असंच आहे, तुम्ही सांगता. वरच्या उजेडात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढतं, हवेतून पाण्यात आलेला कार्बन ते अंगात घेतं. एकेकटं असलं की ते वरच राहतं, कुणीतरी खातं, नाहीतर कुजतं, आणि कार्बन पुन्हा पाण्यात, पाण्यातून हवेत. पण ते चिकटून त्याची गुठळी झाली, किंवा खाणाऱ्याच्या पोटातून लेंडी होऊन पडलं, किंवा खाणाराच मेला, की ते जड होऊन खाली निघतं. पुष्कळसं वाटेतच संपतं. जे थोडं अगदी खोल पोचतं, ते शेकडो वर्षं वर येत नाही. "तेवढाच हवेवरचा भार कमी," तुम्ही म्हणालात. "तो किती कमी, हे कुणीतरी मोजायला नको? ढवळ, करपतंय."

ते मोजणं हेच आपलं काम. अरबी समुद्रात खोलवर दोराला बांधलेलं मोठं नरसाळं, त्याच्याखाली काही कुजू नये म्हणून फॉर्मॅलिन घातलेले कप. दर पंधरवड्याला एक कप सरकून दुसरा पुढे येतो, वर्षानं जहाज जाऊन सगळे वर काढतं. कपात वरून पडलेला चिखलासारखा गाळ असतो, तो आपला. पण जिवंत प्राणीही खाण्याच्या लोभानं पोहत आत शिरतात आणि फॉर्मॅलिननं मरतात. ते स्विमर. ते वरून पडलेले नाहीत, म्हणून त्यांना वजनात धरायचं नाही. मायक्रोस्कोपखाली एकेक फोर्सेपनं उचलून वेगळ्या कुपीत टाकायचा. त्यासाठी तुम्ही मला स्वतःचा बारीक टोकाचा फोर्सेप दिलात, आणि वर बजावलंत की याने पायातला काटा काढलास तर बघ.

पहिला कप मी इतका स्वच्छ केला की बशीत नुसता करडा गाळ उरला. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही माझी कुपी बशीत उलटी केलीत, त्यातून एक जेलीसारखा लिबलिबीत प्राणी काढलात, कडा विरलेला, आतून पोकळ, आणि विचारलंत, "हा पोहत आला की पडत आला?" मी म्हटलं, प्राणी आहे ना मॅडम. तुम्ही इतक्या हळू बोललात की त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं. "हा वर मेला, कुजत कुजत खाली आला. याच्या अंगातला कार्बन समुद्रानं खाली नेला आणि तू तो फुकट घालवलास. शंका आली तर ठेव, आणि कागदावर त्याच्या नोंदीसमोर प्रश्नचिन्ह कर." तुम्ही होतात तोवर माझ्या कागदांवर प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं असायची.

तुमच्यानंतर बाहेरचे एक पाहुणे आले. माझे कागद चाळून हसून म्हणाले, या माणसाला काही ठाऊक दिसत नाही, सगळीकडे विचारतोच आहे. सगळे हसले. मॅडम, माझ्याकडे डिग्री नाही. डिग्रीवाल्याचं प्रश्नचिन्ह म्हणजे विचार, माझं म्हणजे अडाणीपणा, हे मला त्या दिवशी दिसलं. पुढच्या कपापासून ज्याला प्राण्याचा आकार आहे तो बाहेर, असा नियम मी केला. कागद स्वच्छ झाले. वर्षानुवर्षं एकही प्रश्नचिन्ह नाही. लोक माझे नमुने नवशिक्यांना दाखवायला न्यायचे. आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर मी लिहीत गेलो, 'मॅडमच्या पद्धतीप्रमाणे'. तुमचं नाव असलं की कुणी विचारत नसे.

दोन वर्षांपूर्वी मुलुंडची एक मुलगी लॅबमध्ये आली, पीएचडी करते, मला काका म्हणते. गेल्या महिन्यात तिनं सहज म्हणून माझ्या जुन्या कुप्या उघडल्या. मला हाक मारली. "काका, हा स्विमर आहे?" मी न बघताच हो म्हटलं. "पण हा अर्धा कुजलाय ना. कपात तर फॉर्मॅलिन. तिथं येऊन कुजेल कसा?" मी डोळा लावला. तुम्ही पहिल्या दिवशी दाखवलेला तसाच प्राणी. दुसरी कुपी, तिसरी. पावसाळा संपतानाच्या कपांत तर ढिगानं, आणि लेबलं सगळी माझ्या अक्षरातली. समुद्र इतकी वर्षं जे खाली नेत होता ते मी उचलून बाजूला ठेवत होतो आणि आपण लिहीत होतो की समुद्र कमी नेतो. ते आकडे पुढे किती जणांनी वापरले, ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही. अलीकडच्या कुप्या आहेत, त्या पुन्हा तपासता येतील. त्याआधीच्या स्टोअररूम बदलताना मीच फेकल्या. जागा अडते म्हणून यादीवर सही करून. त्या वर्षांचं आता कुणीच काही करू शकत नाही. मी बसल्या जागी रोज ती वर्षं मोजतो आणि रोज तितकीच येतात.

मीटिंगमध्ये सर, तुमच्या जागी आता लॅब बघतात ते, वाईट बोलले नाहीत. म्हणाले, त्या काळची पद्धत, मॅडमना काय दोष देणार, पण छापून गेलेल्या आकड्यांचं दुरुस्तीपत्र काढायचं, त्यात लिहावं तर लागेल. ती मुलगी म्हणाली, मॅडमची मूळ वही मिळाली तर बघूया. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शोधावी लागेल. वही माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, अठरा वर्षं. तुमच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून: शंका असल्यास काढू नये.

घरी बायको बघते आहे. परवा ताटात बांगडा होता. ती म्हणाली, "अहो, काटे मोजताय की जेवताय?" मग जवळ बसून विचारलं की कुणी काही बोललं का. मी म्हटलं, बोलायला हवं होतं ते मीच बोललो नाही. तिला कळलं नाही, आणि कळलं असतं तर तिनं त्याच क्षणी मला उठवून लॅबला धाडलं असतं, म्हणून मी पुढे काही सांगितलं नाही.

रविवारी मेट्रोनं घाटकोपरला गेलो. तुम्ही ही मेट्रो पाहिली नाहीत. तुमची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झालाय. वॉचमननं विचारलं, किसको मिलना है. मी तुमचा जुना माळा सांगितला. तो म्हणाला, उधर अब पार्किंग है साहब. समोर कुणी असतं तर पाया पडलो असतो. नुसत्या गाड्यांसमोर तेही करता येईना.

दुरुस्तीपत्र सोमवारी जाणार आहे. एकदा गेलं की तुमच्या नावापुढे ते कायमचं राहील, आणि जो वाचेल त्याला वाटेल की तुम्हांला पडलेला आणि पोहलेला यांतला फरक कळत नव्हता. ज्यांनी मला तो दाखवला, त्यांना. हे पत्र घालायला पत्ता नाही, ते इथेच राहील. पण उद्या सकाळी वही सरांच्या टेबलावर ठेवायची आहे आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठी तयार आहे. दोनच वाक्यं आहेत. "नमुने वेचण्याची ही पद्धत मॅडमची नसून त्यांच्या पश्चात मी सुरू केलेली आहे. त्यांचा मूळ नियम मला बहुधा नीट समजला नसावा." चिठ्ठी मी तीनदा फाडून नव्यानं लिहिली. तिन्ही वेळा दुसरं वाक्य तसंच उतरलं. मॅडम, तुमचा नियम मला पहिल्याच दिवशी समजला होता.