वर्गाची किल्ली मुकादमास

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, धंदा फरशी बसवण्याचा, शिक्षण सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे आणि तिचे ऑपरेशन बुधवारी आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. डॉक्टर म्हणतात, शंभरातले अठ्ठ्याण्णव धडधाकट घरी जातात. मी उरलेल्या दोघांचा विचार करतो. आई म्हणते, याला स्वतःची काळजी पुरली नाही तर शेजाऱ्याकडून उसनी आणेल.

कलम १. बँकेत जे काही असेल ते आईचे. मात्र त्यातले काहीही मामाच्या धंद्यात जाऊ नये. मामा मनाने सोन्यासारखा आहे, पण तो हात लावेल त्याची माती होते. हे आई स्वतःच म्हणते आणि तरी देते, म्हणून लिहून ठेवले.

कलम २. माझी सर्व हत्यारे दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना. त्यांत पाणसळ, म्हणजे उतार बघायचे हत्यार, आधी द्यावी. दाजींनी माझे न ऐकता स्वतः बसवलेल्या न्हाणीघरात पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येते आणि ताई रोज सकाळी फडके घेऊन उभी असते. आधी तो उतार दुरुस्त व्हावा, मग थापी, हातोडा आणि फरशी कापायचे यंत्र त्यांचे.

कलम ३. घर नाही. राहती खोली भाड्याची आहे. तिथल्या मोरीची फरशी मी पदरमोड करून बसवली आणि मालकाने तीच दाखवून भाडे वाढवले. फरशी त्याने ठेवावी. राग मी सोबत नेत आहे.

कलम ४. हे मुख्य कलम आहे, म्हणून थोडे लांबेल.

ग्रंथालयामागच्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी आमचा इंग्रजीचा वर्ग भरतो. कामासाठी बाहेरून या इंग्रजी बोलणाऱ्या शहरात आलेल्या कोणीही यावे. फी नाही आणि शिकवणाऱ्याला पगारही नाही. एका निवृत्त बसड्रायव्हर काकांनी तो सुरू केला. मी तिथे शिकायला गेलो तेव्हा मला दुकानात सिमेंट मागता येत नव्हते, बोट दाखवावे लागे. पुढे मी नव्यांना शिकवू लागलो आणि काकांचे गुडघे थकल्यावर खोलीची किल्ली माझ्याकडे आली. ज्याला शाळेने मागच्या बाकावरून घरी धाडले, त्याच्या खिशात वर्गाची किल्ली. फरशी बसवता बसवता मी खिसा चाचपून बघतो, ती आहे ना.

ग्रंथालयाच्या बाईंचा नियम असा की किल्लीला एक जबाबदार माणूस लागतो आणि तो हजर लागतो. नाहीतर खोली बुद्धिबळवाल्यांना जाईल. ते केव्हाचे टपून आहेत. त्यामुळे माझे काही झाले तर वर्गाचे काय, हाच माझ्या जिवाला घोर आहे.

सगळ्यांना वाटत होते, किल्ली शिंपीणबाईंना जाईल. त्या शिकवतात आणि त्यांचे बोलणे मऊ आहे. मलाही तसेच वाटत होते. दुसरा शिकवणारा म्हणजे माझ्याच कामावरचा मुकादम. तो मला चारचौघांत ‘सातवी पास प्रोफेसर’ म्हणतो आणि खडू हातात घेतला की मोडतो.

आमच्याकडे फोनवर बोलण्याचा सराव दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून होतो, कारण फोनवर हातवारे दिसत नाहीत. धुलाईकेंद्रात काम करणारी एक बाई या सरावात सर्वांत हुशार. पण मुलाचा कान दुखत होता म्हणून तिने दवाखान्यात फोन लावला आणि पलीकडचा खेकसताच ठेवून दिला. वर्गात येऊन म्हणाली, “इथे तुम्ही सगळे देवासारखे बोलता. बाहेर असं कोण बोलतं?”

तिचे खरे होते. मायेपोटी आम्ही इतके सावकाश आणि गोड बोलत आलो होतो की माणसांना जगात नसलेल्या शहरासाठी तयार करत होतो.

मुकादमाने तिच्या पाठीला खुर्ची लावली आणि दवाखान्याचा माणूस झाला. अर्धे शब्द गिळले, जांभई दिली, मध्येच दुसऱ्याशी बोलला, फोन आपटला. पुन्हा लाव म्हणाला, पुन्हा आपटला. शिंपीणबाई उठल्याच. म्हणाल्या, “अहो, रडेल ती.”

मुकादम म्हणाला, “रडू दे. इथे रडली तर आपण आहोत.”

ती रडली नाही. तिने चढ्या आवाजात, इंग्रजीत, त्याला सुनावले की थांबा, माझे बोलणे संपलेले नाही. सगळ्या वर्गाने बाके वाजवली. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याची वेळ स्वतः घेतली. मुलाचा कान आता बरा आहे.

सबब, वर्गाची किल्ली मुकादमास. ‘सातवी पास प्रोफेसर’ याबद्दल मी त्याला माफी देत नाही, किल्ली देतो. या दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्यात. शिंपीणबाईंनी त्याच्या शेजारी राहावे, कारण रडणाऱ्यालाही कोणीतरी लागते. त्या हो म्हणाल्या आहेत.

मुकादमाला हे कलम वाचून दाखवले तर तो म्हणाला, “मेलेल्या माणसाकडून मी चार्ज घेत नसतो. द्यायची तर आज दे.” माझा चहा संपेपर्यंत मी किल्ली मुठीत धरून बसलो. मग दिली. म्हणजे हे कलम मी जिवंतपणीच अमलात आणले आहे. मी बरा होऊन परतलो तरी किल्ली मागणार नाही, शिकवायला मात्र येणार.

कलम ५. वकीलबाई म्हणतात, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष करू नये. मी वर्गातल्या सर्वांना काही ना काही लिहिले होते, त्यामुळे साक्षीदारच उरेना. शेवटी खानावळीतल्या स्वयंपाक्याने सायकल सोडली आणि धुलाईवाल्या बाईने रेडिओ. दोन्ही वस्तू आता आईच्या. आईने त्या पुढे कोणाला द्याव्यात हे मी तिच्या कानात सांगितले आहे.

साक्षीदार: १. स्वयंपाकी (सही). २. धुलाईवाली बाई (सही).

लिहून देणार: (सही)

ठिकाण: वर्गाची खोली, मागची भिंत. दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार. वेळ: मुकादमाचा तास चालू असताना. आज नवीन माणसे आली आणि खुर्च्या कमी पडल्या, म्हणून आम्ही तिघांनी उभ्याने सह्या केल्या.